पकड एकीकडे, ओझे दुसरीकडे

डोंगरकपारी, चिखल आणि नदीनाले यांतून वाट काढणारी जी वाहने आज मोठ्या थाटाने बाजारात येतात, ती आपल्या पूर्वजांहून सर्व बाजूंनी सरस असल्यामुळे शेतकऱ्याच्या आणि रानात काम करणाऱ्या माणसाच्या उपयोगालाही तितकीच अधिक पडतात, हे मत मोटारींविषयी लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या मंडळींत अलीकडे जवळजवळ सिद्धान्ताच्या पदाला पोहोचले आहे. या मताविषयी शंका घेणारा मनुष्य यंत्रविद्येच्या प्रगतीविषयी अनभिज्ञ तरी असला पाहिजे, किंवा जुन्या जीपच्या आठवणींनी हळवा झालेला तरी, असे गृहीत धरून त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची तसदीही सहसा घेतली जात नाही. हे मत चुकीचे आहेच. शिवाय ते शेतीच्या दृष्टीने अपायकारक आहे, असे माझे स्पष्ट प्रतिपादन आहे. कारण ज्या वाहनाची शेतकऱ्याला खरोखर निकड आहे ते त्याला केव्हाच मिळालेले आहे असा समज त्यामुळे दृढ होतो, आणि जे मिळाले असे मानले जाते ते मागण्याचे कारणच उरत नाही.

प्रतिपक्षाची कैफियत प्रथम पुरतेपणी मांडणे न्यायाचे होईल. नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी महिंद्राची थार २०२० साली नव्या रूपात विक्रीस आली, तेव्हा ती पुढून ४१.८ अंशांचा चढ आणि मागून ३६.८ अंशांचा उतार अंगाला खरचटू न देता पार करणारी, जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच राहणारी आणि ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून चालणारी होती. तिची आतील जमीन पाण्याने धुता येत होती, आणि ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत प्रौढांच्या व बालकांच्या संरक्षणाबद्दल तिला प्रत्येकी चार तारे मिळाले होते. २०२३ मध्ये आलेल्या मारुती सुझुकीच्या जिम्नीत हलका बांधा आणि लो गिअर यांचा मिलाफ आहे. फोर्सची गुरखा पुढच्या व मागच्या अशा दोन्ही डिफरन्शियलना चालकाच्या हाताने लॉक लावण्याची सोय देते. आणि ज्या लँड रोव्हर घराण्याची मालकी २००८ पासून टाटांकडे आहे, त्याची नवी डिफेंडर ९०० मिलिमीटर पाण्यातून जाते व साडेतीन टनांचा ट्रेलर ओढते. एवढ्या सामग्रीवर प्रतिपक्ष चार विधाने उभी करतो. पहिले, सामर्थ्य वाढले म्हणजे उपयुक्तता वाढली. दुसरे, या वाहनांत जी गुंतागुंत आणि महागाई शिरली ती सुरक्षिततेच्या व प्रदूषणाच्या कायद्यांमुळे शिरली, सबब ती अपरिहार्य आहे. तिसरे, साधे कष्टकरी वाहन शेतकऱ्यालाच नको आहे, हवे असते तर बाजाराने ते दिले असते. आणि चौथे, शेताला ट्रॅक्टर आहे, मालाला पिकअप आहे, मग तक्रार कसली?

पहिल्या विधानातील आकडे मी निमूटपणे मान्य करतो. ती यंत्रे खरोखर समर्थ आहेत, आणि त्यांच्या रचनेमागील अभियांत्रिकी कौशल्य आदरास पात्र आहे. प्रश्न आकड्यांचा नाही, त्या आकड्यांनी जे मोजले जाते त्याचा आहे. चढाचा कोन, पाण्याची खोली, एक चाक अधांतरी असता उरलेल्या चाकांना मिळणारी शक्ती, ही सारी मापे अडथळा ओलांडण्याची आहेत. शेतकऱ्याचा दिवस मात्र अडथळा ओलांडण्यात जात नाही, तो ओझे वाहण्यात जातो, आणि अडथळा त्या ओझ्याच्या वाटेत अवचित येतो. तालमीत डाव जिंकणारा पैलवान आणि आठ महिने औताला जुंपलेला बैल या दोघांचेही बळ खरे असते, परंतु एकाच्या बळाने दुसऱ्याचे काम होत नाही. डीएपीची वीस पोती म्हणजे एक टन झाला. त्याच खेपेत फवारणीच्या औषधाची टाकी, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, दुरुस्तीला न्यायची पाण्याची मोटार, आणि परतीला कडब्याच्या पेंढ्या किंवा टोमॅटोचे क्रेट असतात. थारच्या मागच्या भागात दोन माणसांची बैठक आहे आणि तिच्यामागे चार पिशव्यांची जागा. २०२० च्या थारमध्येही आरंभी बाजूने समोरासमोर बसण्याच्या लांब बाकांचा एक साधा प्रकार होता, ते बाक उचलले की थोडाबहुत माल मावला असता. तो प्रकार थोड्याच काळात विक्रीतून गेला आणि उरली ती चौघांच्या सहलीची गाडी. ज्या वाहनात माल ठेवायलाच जागा नाही, त्याने कितीही अंशांचा चढ चढला तरी शेतकऱ्याचा माल पायथ्याशीच राहतो.

ही जात मुळात कशासाठी जन्मली, हे येथे सांगणे अवश्य आहे, कारण तिच्या आजच्या समर्थकांना त्याचा सोयीस्कर विसर पडलेला दिसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, विलीज-ओव्हरलँड कंपनीने सैन्याच्या जीपचे जे नागरी रूप बाजारात आणले, त्या सीजे-२ए या वाहनाला मागे उघडणारी फळी होती, आणि इंजिनाच्या शक्तीवर अन्य यंत्रे चालवण्यासाठी पीटीओचा दांडा जोडून घेता येत होता. त्याचा गिऱ्हाईक म्हणून कंपनीच्या डोळ्यांपुढे मुख्यतः अमेरिकेचा शेतकरी होता. वेल्समधील अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतावर युद्धातून उरलेली अशीच एक जीप वापरत असताना रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स यांना तशाच वाहनाची कल्पना सुचली, आणि १९४८ च्या एप्रिलमध्ये अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर प्रथम दिसली. पोलादाची टंचाई होती म्हणून तिचे अंग अॅल्युमिनियमचे झाले, आणि शेतीची अवजारे चालवता यावीत म्हणून तिलाही पीटीओ मिळाला. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू झाली, आणि १९६३ मध्ये त्याच महिंद्रा घराण्याने इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांच्या सहकार्याने ट्रॅक्टरचा कारखाना काढला. जीप आणि ट्रॅक्टर एका घरात वाढले, आणि पुष्कळ वर्षे त्यांचा गिऱ्हाईकही एकच होता: बागायतदार, साखर कारखान्याचा शेतकी अधिकारी, वनखात्याचा रेंजर, पाटबंधाऱ्याचा ओव्हरसियर.

या तिन्ही वाहनांत तीन गुणांचा संयोग होता. चारही चाकांना इंजिनाची शक्ती देता येत असल्यामुळे पकड होती. मागे मोकळी जागा असल्यामुळे ओझे वाहता येत होते. आणि रचना साधी असल्यामुळे तालुक्याच्या गावच्या मिस्त्रीला ती उघडता-जोडता येत होती. पुढील काळात या संयोगाची फाळणी झाली. पकड उच्चभ्रू वाहनाकडे गेली, ओझे पिकअपकडे गेले, आणि दुरुस्तीची सुकरता दोघांकडूनही गेली. माझ्या प्रतिपादनाचा हा गाभा आहे; बाकीचे सर्व त्याचे विवरण.

या फाळणीचे फळ पाहायचे असेल तर परतीच्या पावसात मराठवाड्यातील किंवा विदर्भातील एखाद्या काळ्या जमिनीच्या शिवाराकडे पाहावे. सोयाबीनची मळणी झालेली आहे, पोती शेतात उभी आहेत, आकाश भरून आले आहे, आणि माल आज रात्री घरात आला नाही तर उद्या त्याला मोड येणार आहेत. शेतकऱ्याने भाड्याने आणलेली पिकअप डांबरी रस्त्यावर दीड टन सहज वाहते. परंतु तिची मागची दोनच चाके चालती असतात, आणि मोकळी असता तिचा बराचसा भार पुढे इंजिनाकडे असल्यामुळे त्या मागच्या चाकांवर पुरेसा दाब नसतो. काळ्या मातीतील चिकण पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा भरून त्याला गुळगुळीत करते, आणि साध्या डिफरन्शियलच्या स्वभावानुसार जे चाक घसरते तेच फिरत राहते, दुसरे जागच्या जागी थिजते. गाडी पोत्यांपर्यंत पोहोचतच नाही, किंवा पोहोचली तर भरल्यावर निघत नाही. शेवटी माणसांच्या डोक्यावरून पोती बांधापर्यंत आणावी लागतात. त्याच वेळी त्याच तालुक्यातून महामार्गाने जाणाऱ्या एखाद्या थारमध्ये लो गिअर आहे, चारही चाकांचे चालन आहे, मागच्या धुरीवर घसरण ओळखून लॉक होणारे साधन आहे, आणि एकही पोते ठेवायला जागा नाही. जी पकड शेताला हवी ती चैनीच्या वाहनात बसली आहे आणि जे ओझे शेताचे आहे ते पकड नसलेल्या वाहनावर लादले आहे. ही अवस्था ज्यांना प्रगती वाटते त्यांनी प्रगतीची व्याख्या नव्याने करावी.

यावर कोणी म्हणेल की, रस्ते झाले की ही अडचणच उरणार नाही. पाणंद म्हणा, पांदण म्हणा, शेताकडे जाणाऱ्या या वाटांची दुरवस्था शासनालाही मान्य आहे, म्हणूनच मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये निघाली, आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. तथापि शेजाऱ्याच्या हद्दीवरून वहिवाटीचा रस्ता मिळावा म्हणून जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराच्या दप्तरी अर्ज करणाऱ्या खातेदाराला विचारले तर तो सांगेल की, योजना आणि खडी यांच्यामध्ये हरकती, मोजणी आणि अपिले यांचा केवढा प्रदेश पसरलेला असतो. शिवाय उत्तमोत्तम पाणंद झाली तरी ती बांधाशी संपते. माल बांधाच्या आत असतो. शेवटचे शे-दोनशे मीटर नेहमीच मातीचे राहणार, आणि वाहनाची खरी परीक्षा त्या शेवटच्या अंतरातच होणार.

आता दुसरे विधान, म्हणजे कायद्याच्या अपरिहार्यतेचे. वाहनात हवेच्या पिशव्या असाव्यात, ब्रेक लावताना चाके अडकू नयेत, धूर स्वच्छ असावा, या अटींना माझा लवमात्र विरोध नाही. शेतकऱ्याचा जीव शहरातील माणसाच्या जिवाहून स्वस्त नाही, आणि त्याच्या मुलांची फुप्फुसेही निराळ्या मातीची नाहीत. परंतु कोणत्याही कायद्याने वाहनाच्या मध्यभागी स्पर्शाने चालणारा पडदा बसवा असे फर्मावलेले नाही, आणि मागचा हौदा काढून टाका असा हुकूम तर कोठेच नाही. कायदा पाळून साधे वाहन करता येते याचा पुरावा ऑस्ट्रेलियात आहे. टोयोटाची लँड क्रूझर ७० मालिका १९८४ मध्ये निघाली, आणि मूळ बांधणी कायम ठेवून ती तेथील शेतकऱ्यांना, मेंढपाळांना आणि खाणीतील कंत्राटदारांना विकली जात आहे. २०१६ मध्ये तिच्या एक-केबिनच्या प्रकाराला हवेच्या पिशव्या वाढवून मिळाल्या, तेथील अपघात-चाचणीत पाच तारे मिळाले, डिझेलच्या धुरातील काजळी अडवणारा फिल्टरही बसला, आणि तरीही मागे सपाट हौदा, पायाखाली धुता येणारी जमीन आणि मजबूत पोलादी सांगाडा ही तिची लक्षणे अबाधित राहिली. ती स्वस्त नाही, हे खरे. परंतु कायदा आणि कष्ट यांचे वैर आहे, हे विधान तिने खोटे ठरवले आहे.

काजळीच्या फिल्टरचा उल्लेख आला आहे, तर त्याविषयी थोडे सविस्तर बोलणे इष्ट होईल. कारण नवे वाहन शेताच्या कामाला कसे बिचकते याचे ते बोलके उदाहरण आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ ची मानके लागू झाली, आणि डिझेलमधील गंधकाचे कमाल प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आले; हा निर्णय योग्यच होता. या मानकांच्या डिझेल वाहनांत धुरातील काजळी एका फिल्टरमध्ये साठते आणि फिल्टर पुरेसा तापला की जळून जाते. तो तापण्यासाठी वाहन काही मिनिटे सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावे लागते. वस्तीवरून मळ्यात, मळ्यातून दूध संकलन केंद्रावर, तेथून परत वस्तीवर, अशा दोन-तीन किलोमीटरच्या संथ खेपा करणाऱ्या वाहनाला ती संधी मिळत नाही. फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, इंजिन आपली शक्ती आपणहून कमी करते, आणि गावच्या मिस्त्रीजवळ हाताने सोडवण्याजोगे काहीच नसते, कारण दोष वाचणारे यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये असते. द्राक्षाच्या हंगामात वाहन चार दिवस तिकडे अडकून पडले तर होणारे नुकसान दुरुस्तीच्या बिलात दिसत नाही. यावर उपाय फिल्टर काढून टाकणे हा नव्हे. संथ खेपांतही फिल्टर स्वच्छ करण्याची क्रिया चालकाला उभ्या गाडीत, एका बटणाने सुरू करता यावी, आणि बिघाडाचा संकेत कोणत्याही मिस्त्रीला वाचता यावा, एवढीच अपेक्षा आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जी तजवीज २०२२ पासून चालवली आहे तिच्यात मोटारी आणि शेतीची अवजारे ही दोन्ही क्षेत्रे आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने तर शेतीच्या यंत्रांपुरता हा हक्क २०२३ मध्ये कायद्यानेच दिला. गुंतागुंत टाळता येत नसेल तर तिची किल्ली तरी मालकाच्या हाती असावी, हे तत्त्व जगात मान्य होऊ लागले आहे. आपल्या वाहन-निर्मात्यांनी ते अद्याप मनावर घेतलेले नाही.

तिसरे विधान सर्वांत जोमाने केले जाते: शेतकऱ्याला साधे फोर बाय फोर वाहन हवेच कोठे आहे? खेड्यापाड्यांत थार दिसतात, त्या शेतकऱ्यांच्या मुलांनीच हौसेने घेतलेल्या असतात, मग तुम्ही त्यांच्या वतीने वेगळी मागणी करणारे कोण? या आक्षेपातील पहिला भाग सत्य आहे आणि त्यात लज्जास्पद काही नाही. शेतकऱ्याच्या मुलाला देखण्या, दणकट वाहनाची हौस असणे हा त्याचा अधिकार आहे, आणि तो वापरताना त्याने कोणाची परवानगी मागावी असे मला मुळीच वाटत नाही. परंतु शेतकऱ्याने विकत घेतले एवढ्याने एखादे वाहन शेतीचे होत नाही. त्याने मनगटी घड्याळ घेतले म्हणून ते शेतीचे अवजार ठरत नाही, आणि त्याच्या दारात थार उभी आहे म्हणून त्याचा माल कशातून जातो हा प्रश्न सुटत नाही. तो माल पिकअपमधून आणि टाटांच्या छोट्या हत्तीतून जातो.

बाजाराने दिले असते, या तर्कातील दोष असा की, जे मांडलेलेच नाही ते न घेतल्याबद्दल गिऱ्हाइकाला जबाबदार धरले जाते. जेथे मांडले गेले तेथे काय घडले, हे जपानकडे पाहून कळते. तेथील डोंगर-उतारावरच्या भातखाचरांत आणि अरुंद गावरस्त्यांवर चालणारे छोटे ट्रक ३.४ मीटर लांबीच्या, १.४८ मीटर रुंदीच्या, ६६० सीसी इंजिनाच्या आणि ३५० किलो भाराच्या कायदेशीर मर्यादेत बसवलेले असतात, आणि सुझुकीची कॅरी किंवा दायहात्सूची हायजेट घेणाऱ्या शेतकऱ्याला त्याच चिमुकल्या वाहनात चारही चाकांचे चालन मिळते. शेतीच्या कामासाठी म्हणून काढलेल्या खास प्रकारांत डिफरन्शियल लॉकसुद्धा मिळतो. आता याच सुझुकीची भारतातील शाखा जी सुपर कॅरी विकते, तिला मागच्या दोनच चाकांचे चालन आहे. कंपनी तीच, कारागिरी तीच, प्रयोजन तेच. जपानी शेतकऱ्याला पकड आणि हौदा एकत्र मिळतो, आणि कोकणातल्या कातळ-चिखलातून आंब्याच्या पेट्या काढणाऱ्याला फक्त हौदा मिळतो. हा भेद मागणीच्या अभावातून निर्माण झाला असे म्हणणाऱ्याने कोकणात ती मागणी केव्हा आणि कोणी विचारली, याचा खुलासा करावा. महिंद्रा कंपनीनेही २०१८ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात रॉक्सर नावाचे वाहन काढले; ते जुन्या जीपच्या घाटाचे, पोलादी अंगाचे, अडीच लिटरच्या साध्या डिझेल इंजिनाचे, आणि हमरस्त्याऐवजी शेत-कुरणांसाठीच योजलेले होते. साध्या कष्टकरी जीपला जगात गिऱ्हाईक उरलेले नाही, असे त्या कंपनीला तरी तेव्हा वाटले नसावे.

अपवादही नमूद केले पाहिजेत. बोलेरो कॅम्परचा चारही चाकांच्या चालनाचा एक प्रकार निघालेला आहे, आणि हे काम भारतीय कारखान्यात, भारतीय किमतीत होऊ शकते याचा तो साक्षीदार आहे. परंतु अशा वाहनाची जाहिरात कोणी डोंगरमाथ्यावर उभी करून करत नाही. दुसरीकडे टोयोटाची हायलक्स आहे, तिच्यात पकड आणि हौदा दोन्ही आहेत. पण तिची लांबी सव्वापाच मीटरांहून अधिक आणि किंमत तीस लाखांच्या घरात. पाणंदीत ती वळत नाही, आणि २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार ज्या राज्यातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे, त्या राज्यातील शेतकऱ्याच्या हिशेबातही ती बसत नाही.

चौथे विधान ट्रॅक्टरचे. ट्रॅक्टर हे शेतीचे मुख्य यंत्र आहे आणि राहील. ट्रॉली जोडून तो मालही वाहतो. परंतु पन्नास किलोमीटरवरच्या बाजार समितीत पहाटेच्या लिलावाला भाजीपाला पोहोचवणे, रात्री-अपरात्री वस्तीवरील आजाऱ्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेणे, चार मजूर आणि त्यांची अवजारे सकाळी रानात सोडणे, ही कामे संथ गतीच्या, उघड्या, एका माणसाच्या बैठकीच्या यंत्राची नव्हेत. जीपने मुळात जी जागा व्यापली होती ती ट्रॅक्टर आणि मोटार यांच्या मधली जागा होती, आणि ती मधली जागाच आज रिकामी आहे. लहान जमीनधारणा हाही येथे अडसर ठरत नाही. आजची पिकअप प्रत्येक शेतकऱ्याच्या मालकीची कोठे असते? गावातील एखादा तरुण कर्ज काढून ती घेतो आणि गावभर भाडे मारतो. त्याच्या त्या वाहनाला पुढच्या चाकांचेही चालन असेल तर त्याचा लाभ सगळ्या शिवाराला होईल, आणि ज्या खेपा पावसाळ्यात आज बुडतात त्या त्याला मिळतील.

जुन्या जीपचे पुनरुज्जीवन करा, असे मी म्हणत नाही, हे येथे निक्षून सांगतो. ती गोंगाट करी, धूर ओकी, तिच्या चालकाला अपघातात काही संरक्षण नव्हते, आणि तिच्यात वीस-वीस माणसे कोंबून झालेल्या वडाप वाहतुकीने किती घरे उघडी पडली हे महाराष्ट्र विसरलेला नाही. तिचा एकच गुण परत हवा आहे: पकड, ओझे आणि दुरुस्ती यांचे ऐक्य. लँड रोव्हरच्या वंशाने ते ऐक्य कसे सोडले याचा इतिहास बोधप्रद आहे. जुनी डिफेंडर २०१६ च्या जानेवारीत बंद झाली, नवी २०१९ मध्ये प्रकट झाली. कागदावर नवीचा बडेजाव अधिक आहे, ओढण्याची ताकदही कमी नाही, पण ११० या प्रकाराचे वजन सव्वादोन टनांच्या आसपास आणि भारतातली किंमत कोटीच्या घरात. शेतासाठी जन्मलेल्या नावाची ही परिणती आहे. विलीजच्या युद्धकालीन जीपचे वजन सुमारे १,१०० किलो होते, आणि ओल्या जमिनीत हलकेपणा हाच सद्गुण असतो, हे त्या काळच्या अभियंत्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

या वादाचा निवाडा एका अर्थी आपल्या करव्यवस्थेने दिलेलाच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या दरांनुसार ट्रॅक्टरवर ५ टक्के, मालवाहू वाहनांवर १८ टक्के, आणि ठरावीक लांबी वा इंजिनक्षमता ओलांडणाऱ्या प्रवासी मोटारींवर ४० टक्के कर आहे; थारचे फोर बाय फोर प्रकार आणि जिम्नी ही दोन्ही या शेवटच्या वर्गात पडतात. म्हणजे ज्यांना शेतकऱ्याचे वाहन म्हणून गौरवले जाते त्यांना सरकारी महसुलाच्या दप्तराने चैनीच्या वस्तूंच्या रांगेत बसवले आहे, आणि त्यांच्या आजच्या स्वरूपाकडे पाहता हा निर्णय गैर म्हणता येत नाही. पण याच दरपत्रकात निर्मात्यांसाठी एक मोकळी वाटही आहे: मागे हौदा असलेले, मालवाहू म्हणून नोंदलेले वाहन चारही चाकांनी चालणारे असले तरी ते १८ टक्क्यांच्या वर्गात येते. सबब कराचे निमित्त पुढे करण्याची सोयही निर्मात्यांना राहिलेली नाही.

मग मागणी काय? चार मीटरांहून आखूड, पाणंदीत वळणारे, अर्धा ते एक टन वाहणाऱ्या सपाट हौद्याचे वाहन. त्याला गरजेपुरते जोडता-सोडता येणारे पुढच्या चाकांचे चालन, लो गिअर, आणि मागच्या धुरीला चालकाच्या हातातील लॉक. कायद्याने सांगितलेली सर्व सुरक्षितता, आणि तिच्या पलीकडे काहीही नको. बिघाडाचा संकेत कोणत्याही मिस्त्रीला वाचता येईल अशी मोकळीक. आणि पिकअपहून फार महाग नाही अशी किंमत. यातील एकही गोष्ट अशक्य नाही. प्रत्येक गोष्ट जगात कोठे ना कोठे विकली जात आहे, आणि त्यांतील बहुतेक तर महाराष्ट्रातच तयार होऊ शकतात. पण त्या सर्व एका सांगाड्यावर, आपल्या शेतकऱ्याच्या ऐपतीत, कोणी आणून ठेवलेल्या नाहीत.

आजची ऑफ-रोड वाहने हौशी माणसाला आनंद देतात, सैन्याला आणि पोलिसांना उपयोगी पडतात, त्यांच्या कारखान्यांत हजारो कामगारांना रोजगार मिळतो. यांपैकी एकाही गोष्टीला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्यांना शेतकऱ्याचे वाहन म्हणण्याला. हे विधान करणाऱ्याने चढाचे अंश आणि पाण्याची खोली सांगून थांबू नये. एक टन खत घेऊन, ओल्या काळ्या रानातून, तालुक्याच्या मिस्त्रीच्या भरवशावर ते वाहन दहा वर्षे चालते, हे दाखवावे. ते दाखवता येत नाही तोवर शेतकऱ्याची गरज भागलेली नाही, आणि ती भागवण्याची जबाबदारी जुन्या जीपच्या नावावर मोठे झालेल्या निर्मात्यांवरच आहे.